आवाज अडतो कुठे
घरच्या सिनेमासाठी लिनक्स वापरणाऱ्यांकरिता एक प्रस्तावना

पनवेलला लागून सिडकोने वसवलेल्या करंजाडेत गेल्या काही वर्षांत एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या. घरे नवी, हॉल आटोपशीर, टीव्ही भिंतीवर, आणि त्याखालच्या कप्प्यात सेट-टॉप बॉक्सशेजारी एखादा जुना डेस्कटॉप किंवा तळहातावर मावेल असा छोटा संगणक. ही मांडणी आता नवलाची राहिलेली नाही. वापरातून गेलेल्या संगणकावर लिनक्स चढवायचे, त्यावर कोडीसारखा प्रोग्राम बसवायचा आणि सिनेमे, गाणी, लग्न-मुंजीची चित्रणे एका जागी आणायची, असा हा उद्योग. चित्र बहुधा पहिल्याच संध्याकाळी दिसते. आवाजाचे तसे नसते. कधी तो येतच नाही, कधी दोनच स्पीकरमधून येतो, कधी गाणी दणदणीत आणि संवाद मात्र पुटपुटल्यासारखे. संगणकातून निघालेला आवाज कानापर्यंत कसा पोचतो आणि वाटेत कुठे अडतो, याचा एक स्वतंत्र अभ्यास आहे. त्या अभ्यासाकडे वाचकांना बोलवावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

इतक्या घरगुती गोष्टीला प्रस्तावना कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर तंत्राआधी सिनेमात सापडते. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आणला. पुढे प्रभात पुण्यात आली, आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे ध्वनीचे शिक्षण घेतलेल्या रसूल पूकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट कॅलिफोर्नियात जाऊन मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. पडद्यावरच्या आवाजाशी आपले नाते असे जुने आणि कमावलेले आहे. एखाद्या प्रसंगात पाऊस कोणत्या बाजूला पडावा, मागून जाणारी गाडी कुठून कुठे सरकावी, यावर कोणीतरी दिवसच्या दिवस खर्च केलेले असतात. ते सगळे आपल्या हॉलपर्यंत येऊन शेवटच्या दोन मीटरच्या तारेत हरवावे, हे मला मनापासून खटकते.

हरवते कसे, ते एका उदाहरणाने पाहू. ज्याला आपण ५.१ म्हणतो त्यात सहा वेगळे ध्वनिप्रवाह असतात: पुढे डावा, मधला आणि उजवा, मागे दोन, आणि खर्जातल्या घुमाऱ्यासाठी एक. बहुतेक संवाद मधल्या प्रवाहात ठेवलेले असतात. आता संगणकाने सहा प्रवाह पाठवले आणि पलीकडच्या टीव्हीने त्यातले पहिले दोनच उचलले, तर पार्श्वसंगीत उरते आणि संवाद जवळजवळ पुसले जातात. हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात, ही वडीलधाऱ्यांची तक्रार कित्येकदा या मधल्या प्रवाहाची असते. नटांवर ठपका ठेवण्याआधी तो प्रवाह कुठे गेला ते पाहावे.

असे दोष कोणत्याही यंत्रावर येतात. लिनक्सची गोष्ट वेगळी ठरते ती शोधाच्या सोयीमुळे. इमारतीत नळाला पाणी आले नाही की आपण भिंत फोडत नाही. गच्चीवरची टाकी भरली आहे का, विंगचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, आपल्या मजल्यावरचा कॉक बंद तर नाही, असे विचारत खाली येतो. लिनक्समधला आवाजही टप्प्याटप्प्याने उतरतो. सिनेमा दाखवणारा प्रोग्राम, त्याखाली ध्वनिसर्व्हर, त्याखाली कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, अल्सा ही व्यवस्था, मग ध्वनीची चिप, मग तार, आणि शेवटी अॅम्प्लिफायर किंवा टीव्ही. यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याला ‘तुझ्याकडे काय आले आणि तू पुढे काय दिलेस’ असे विचारता येते, आणि तो उत्तर देतो. स्मार्ट टीव्हीत किंवा बाजारातल्या तयार डब्यात दोन-चार पर्यायांची यादी मिळते. तिच्या आत काय घडते ते बंद असते. या उघडेपणामुळेच मी हा विषय नवख्यांना मुद्दाम सुचवतो. संगणकाची आतली रचना समजून घ्यायला मुक्या स्पीकरइतके चांगले निमित्त मला दुसरे माहीत नाही.

तारेची गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण पुढची बरीच कोडी तिच्या क्षमतेतून निघतात. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली, आणि त्याच दोघांच्या नावाने ओळखली जाणारी एस/पीडीआयएफ ही डिजिटल ध्वनीची जोडणी घराघरांत आली. तिची दोन रूपे आहेत. एक ७५ ओहमची कोअॅक्सियल तार. दुसरी तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक, म्हणजे आपण जिला ऑप्टिकल वायर म्हणतो ती. तिच्या टोकाला लाल प्रकाश दिसतो तो प्रत्यक्ष आवाजच, अंकांच्या रूपात. सेकंदाला ४८,००० नमुने या दराने ही जोडणी सेकंदाला सुमारे ३० लाख ७२ हजार बिट वाहून नेते. सोळा बिटांचे सहा प्रवाह उघडे पाठवायचे तर ४६ लाख ८ हजार लागतील. म्हणजे न दाबलेला ५.१ या तारेतून जाणारच नाही. कोणतीही सेटिंग बदलली तरी नाही. हा हिशेब एकदा मांडून पाहिला की पुष्कळ व्यर्थ खटपट वाचते.

मग जुन्या डीव्हीडी प्लेअरमधून याच तारेने ५.१ कसा येत असे? तो दाबून येत असे. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर आणि डीटीएस १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’बरोबर चित्रपटगृहांत आले, आणि दोन्ही पुढे डीव्हीडीवर उतरले. डीव्हीडीवरचा डॉल्बी प्रवाह बहुधा सेकंदाला ४ लाख ४८ हजार बिटांचा असतो. तो तारेत सहज मावतो. संगणकाने तो न उलगडता जसाच्या तसा पुढे द्यायचा आणि अॅम्प्लिफायरने उलगडायचा, याला पासथ्रू म्हणतात. अनेक घरांत माळ्यावर पडलेले जुने ५.१ अॅम्प्लिफायर केवळ ऑप्टिकल तोंडाचे आहेत म्हणून भंगारात जातात. पासथ्रू समजलेला माणूस ते उतरवतो, पुसतो आणि लावतो.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते सुंदर आहे. सीडीचा दर ४४,१०० असा विचित्र का? सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने बसत. जिथे सेकंदाला ६० क्षेत्रे, म्हणजे अर्धी चित्रे, आणि प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, तिथे ६० गुणिले २४५ गुणिले ३ म्हणजे ४४,१००. जिथे ५० क्षेत्रे आणि २९४ ओळी, तिथेही गुणाकार नेमका तोच. दोन खंडांच्या टीव्ही पद्धतींना एकाच वेळी सामावणारा आकडा म्हणून तो टिकला. सिनेमा आणि व्हिडिओ मात्र ४८,००० वर स्थिरावले. त्यामुळे तुमच्या संगणकावर भावगीतांच्या सीडीची फाइल एका दराची आणि सिनेमाची दुसऱ्या दराची असते, आणि मधला ध्वनिसर्व्हर दोघांना एका दरावर आणायला बघतो. हे रूपांतर आज पुरेसे चांगले होते. तरी सिनेमा नीट आणि गाण्यांना मात्र आवाज नाही, असे घडले तर पहिला संशय या दोन दरांवर घ्यावा.

२००२ च्या अखेरीस आलेल्या एचडीएमआयने चित्र आणि आठ प्रवाहांपर्यंतचा उघडा ध्वनी एकाच तारेत आणला. तिची खरी मौज अशी की ती दोन्ही बाजूंनी बोलते. टीव्ही किंवा अॅम्प्लिफायर संगणकाला एडिड नावाची ओळखचिठ्ठी देतो: माझा पडदा एवढा, मला अमुक प्रकारचा ध्वनी चालतो, इतके प्रवाह, हे दर. चित्राचा ड्रायव्हर त्यातला ध्वनीचा भाग काढून ध्वनीच्या ड्रायव्हरकडे सरकवतो. त्या भागाला ईएलडी म्हणतात. लिनक्सने तो वाचण्यासाठी उघडा ठेवला आहे. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’मधल्या ‘असाउंड’ या निर्देशिकेत प्रत्येक कार्डाच्या खाणाखुणा असतात, त्यातच ईएलडीच्या फाइली सापडतात. पडदा जोडलेला आहे का आणि चिठ्ठी वैध आहे का, या दोन ओळी आधी वाचाव्यात. चिठ्ठीत दोनच प्रवाह लिहिले असतील तर संगणकाला दोष देऊ नये. समोरच्या यंत्राने तेवढेच मागितले आहे.

हे विशेषतः साउंडबारवाल्या घरांना लागू पडते. संगणक टीव्हीला, आणि टीव्हीच्या मागून एआरसीने, म्हणजे एचडीएमआयच्या तारेतून आवाज उलट बाहेर देण्याच्या सोयीने, साउंडबार, अशी जोडणी असेल तर संगणकाशी बोलणारा टीव्ही असतो, साउंडबार नव्हे. टीव्ही म्हणतो दोन, संगणक देतो दोन, आणि महागडा साउंडबार दोनच वाजवतो. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आली आणि तिची क्षमता साधारण ऑप्टिकल तारेइतकीच. न दाबलेले अनेक प्रवाह नेणारी ईएआरसी २०१७ च्या २.१ मध्ये आली. शक्य असेल तिथे संगणक आधी अॅम्प्लिफायरला आणि अॅम्प्लिफायर टीव्हीला जोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तारेच्या वरचे थर. यांच्याकडे वळताना वाचकांनी एक इतिहास जवळ ठेवावा, कारण या विषयावर मिळणारा प्रत्येक सल्ला एका विशिष्ट काळातला असतो. सुरुवातीला ओएसएस ही व्यवस्था होती. चेक प्रोग्रामर यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये अल्साचे काम सुरू केले, आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलबरोबर अल्सा सर्वांच्या हाती आली. अनेक प्रोग्रामांचा आवाज एकत्र मिसळण्यासाठी २००४ पासून पल्सऑडिओ घडत गेला. त्याची जागा आता पाइपवायर घेत आहे. विम टायमान्स यांनी रचलेला हा सर्व्हर २०२१ मध्ये फेडोरा ३४ या लिनक्स वितरणाने ध्वनीसाठी मुख्य म्हणून स्वीकारला आणि बाकीचे मागोमाग आले. अल्सा मात्र तळाशी आजही तीच आहे. म्हणून २००८ चा एखादा सल्ला तळाच्या थरासाठी अजून उपयोगी असतो आणि वरच्या थरासाठी घातक. सल्ला वाचण्याआधी त्याचे साल पाहावे. आपल्याकडे कोणता सर्व्हर चालू आहे हे ‘पॅक्टल’ या आज्ञेला ‘इन्फो’ जोडून विचारावे. उत्तरात पल्सऑडिओचे नाव दिसले आणि पुढे पाइपवायरचा उल्लेख असला, तर गोंधळू नये. पाइपवायर जुन्या प्रोग्रामांशी पल्सऑडिओच्या भाषेत बोलतो, त्याची ती नोंद.

नवख्याने शोधाची सुरुवात कुठून करावी? बहुतेक जण कोडीच्या सेटिंगमध्ये शिरतात. मी तळाकडून सुरुवात करायला सांगेन. ‘एप्ले’ या आज्ञेला छोटा एल जोडला की संगणकातली ध्वनीची सगळी तोंडे दिसतात. एकाच चित्रकार्डावर एचडीएमआयची ३, ७, ८, ९ अशा क्रमांकांची अनेक तोंडे दिसली तर घाबरू नका. त्यातले एकच तुमच्या तारेला जोडलेले असते, आणि ते कोणते हे वर सांगितलेली ईएलडी सांगते. मग ‘अल्सामिक्सर’ उघडून डिजिटल तोंडाखाली ‘एमएम’ अशी खूण आहे का पाहा. ती बंदची खूण, कीबोर्डवरच्या एमने उघडते. एस/पीडीआयएफचे तोंड तिथे बऱ्याचदा आयईसी ९५८ या मानकाच्या नावाने लपलेले असते. आणि ‘स्पीकर-टेस्ट’ने थेट त्या तोंडावर आवाज सोडा. इथे ऐकू आले तर तळ ठीक आहे, दोष वर आहे. नाही आले तर वरच्या कोणत्याही सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही. सगळ्या शोधातला हा एक निर्णय सर्वांत मोलाचा, कारण तो अर्धे जंगल एका फटक्यात बाजूला करतो.

‘असाउंड’मध्येच ‘एचडब्ल्यू पॅराम्स’ नावाची छोटी फाइल असते. सिनेमा चालू ठेवून ती वाचा. या क्षणी चिपला किती प्रवाह, कोणत्या दराने, किती बिटांनी मिळत आहेत ते तिथे लिहिलेले असते. पडद्यावर ५.१ आणि इथे दोन, म्हणजे मधे कोणीतरी सहाचे दोन केले. ‘क्लोज्ड’ एवढेच लिहिले असेल तर त्या तोंडापर्यंत काही आलेच नाही, आवाज दुसऱ्याच दाराने निघून गेला. संगणकात दोन ध्वनिकार्डे असली आणि कर्नल अद्ययावत झाल्यावर त्यांचा क्रम उलटला की असे होते. यासाठीच सेटिंगमध्ये कार्डाचा क्रमांक न लिहिता त्याचे नाव लिहावे.

पासथ्रूच्या वाटेवर जाणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी: पहिल्या चाचणीपूर्वी अॅम्प्लिफायरचा आवाज अगदी खाली आणावा. दाबलेला प्रवाह हा ध्वनी नसून गठ्ठा बांधलेली माहिती असते. अॅम्प्लिफायरने तिला साधा ध्वनी समजून वाजवले तर कर्कश खरखर येते आणि ती स्पीकरला इजा करू शकते. अशी खरखर आली तर याचा अर्थ तार ठीक आहे, माहिती पोचते आहे, फक्त ओळख चुकली आहे. हे निदान म्हणून फार चांगले. तसेच, पासथ्रूमध्ये संगणकाचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. अंकांना कोणी मधे हात लावला की गठ्ठा सुटतो, म्हणून संगणकाचा आवाज पूर्ण ठेवून रिमोट अॅम्प्लिफायरचा वापरावा.

प्रवाहांचा क्रम हा आणखी एक रंजक भाग. अल्साच्या परंपरेत पुढचे दोन, मागचे दोन, मग मधला आणि खर्ज असा क्रम आहे. वेव्ह फाइलींत पुढचे दोन, मधला, खर्ज आणि मग मागचे. कुठेतरी हे भाषांतर चुकले की नायिका मागच्या कोपऱ्यातून बोलू लागते. ‘स्पीकर-टेस्ट’ला सहा प्रवाह आणि वेव्ह प्रकार सांगितला की तो प्रत्येक स्पीकरचे नाव त्याच्यातून उच्चारतो. घरातल्या मुलांना प्रत्येक स्पीकरजवळ उभे करा आणि नाव जुळते का ते विचारा; हा भाग ती आवडीने करतात.

काही गोष्टी आपल्या हवेच्या आहेत. पनवेलच्या पावसाळ्यात दमट हवेने धातूची तोंडे काळवंडतात, आणि मेमध्ये चाललेली एचडीएमआय ऑगस्टमध्ये रुसते. तार काढून, तोंड कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसवणे हा हास्यास्पद वाटणारा उपाय खरा ठरतो. ऑप्टिकल वायरला गंज चढत नाही, पण तिला काटकोनात मुडपलेले सहन होत नाही. भिंतीतल्या पाइपातून ओढताना वळणे सैल ठेवा. तिचा आणखी एक गुण: ती वीज वाहून नेत नाही. केबल टीव्हीची जमिनीशी जोडलेली तार आणि संगणकाचा तीन पिनांचा प्लग यांच्यात फेरा तयार होऊन ५० हर्ट्झची घुमघुम येत असेल, तर संगणक आणि अॅम्प्लिफायर यांच्यात ऑप्टिकल घातल्यावर तो दुवा तुटतो. चांगली वायर मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, अजून हाताळून घेता येते. सोन्याचा मुलामा आणि तत्सम दाव्यांवर पैसे घालवू नयेत. डिजिटल तार एक तर अंक नीट पोचवते किंवा अडखळते, गोडवा वाढवत नाही.

सिनेमाच्या पहिल्या वाक्याचा पहिला शब्दच गिळला जातो, अशीही तक्रार असते. पाइपवायर आणि पल्सऑडिओ काही सेकंद शांतता गेली की ध्वनीचे तोंड झोपवतात, आणि पुन्हा प्रवाह सुरू झाल्यावर अॅम्प्लिफायरला तो पकडायला क्षणभर लागतो. ही झोप बंद करता येते. वीज किंचित जास्त जाते, शब्द वाचतात.

या वाटेवर तुम्ही एकटे नाही. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे आणि सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’सारखे मेळावे भरले आहेत. अनेक लिनक्स संगणकांवर मराठी अक्षरे ज्या ‘लोहित’ या मुक्त फॉन्टमधून दिसतात, त्याची देखभाल पुण्यातल्या रेड हॅट कंपनीच्या मंडळींनी केली. मदत मागताना ‘आवाज येत नाही’ एवढेच लिहिले तर उत्तरे अंदाजाची येतात. कर्नलचा आणि सर्व्हरचा क्रमांक, ‘एप्ले’ची यादी, ईएलडीतला मजकूर, कोणती तार कुठून कुठे जाते, आणि तळाची चाचणी वाजली की नाही, एवढे सोबत द्या. अनोळखी माणूसही मग आनंदाने वेळ देतो.

पहिला अभ्यास मात्र दोष यायच्या आधी करावा. ज्या दिवशी सगळे नीट वाजते आहे, त्या दिवशी एखादा आवडता सिनेमा लावून ईएलडी आणि ‘एचडब्ल्यू पॅराम्स’ या दोन्ही फाइली वाचा, त्यांची प्रत करून तारीख घालून ठेवा, आणि मागच्या तारांचा मोबाइलवर एक फोटो काढा. पुढे कधी घरात शांतता झाली, तर जुळवून पाहायला तुमच्याच संगणकाचा निरोगी नमुना हाताशी असेल.